आधी सांगायचं, मग गादी उचलायची

बेरिलला राग येतो, हे त्या घरात कामाला लागणाऱ्या प्रत्येक मदतनीस बाईला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. चहाची किटली कुठे ठेवलीय, जिन्यावरचा दिवा कुठून लागतो आणि बेरिलला राग येतो. गळका नळ दाखवावा तसा तिचा राग दाखवून ठेवायचे. तो कशाचा येतो हे मात्र कुणी सांगत नसे, कारण ते तिला कुणी विचारलंच नव्हतं. लहानपणी राग आला की तिला थंड पाण्यात बसवलं, तरुणपणी गोळ्या दिल्या आणि आता उतारवयात "सोन्या, जरा खोल श्वास घे बघू" असं शिकवत होते. साठी उलटलेल्या बाईला सोन्या म्हणायचं आणि वर तिला राग का येतो म्हणून डोकं खाजवायचं, अशी ती सगळी भली माणसं होती.

बेरिलचा जन्म यॉर्कशरमधल्या एका गिरणीच्या गावातला. बाप मागावर, आई घरी. पोर उशिरा बोलायला लागली, शाळेत गेली तर अक्षर बसेना. डॉक्टरांनी आईबापांना सांगितलं की ही शिकण्यातली नाही, हिला टेकडीवर पाठवा, विसरून जा आणि दुसरं मूल होऊ द्या. टेकडीवर म्हणजे गावाच्या डोक्यावर बसलेल्या त्या दगडी हॉस्पिटलात. मतिमंदांचं हॉस्पिटल असं त्याला म्हणत. बरं व्हायला तिथे कुणी जात नसे, तिथे जायचं ते राहायला, आणि राहायचं ते मरेपर्यंत. आपण समुद्रावर चाललोय असं बेरिलला सांगितलं होतं. तिने हातात खेळण्यातली बादली आणि फावडं घेतलं होतं. बादली पहिल्याच संध्याकाळी काढून घेतली. समुद्र तिने पुढे कधीतरी पाहिला, पण तोवर तिचे केस पिकायला लागले होते.

टेकडीवर तिला नॉर्मा भेटली. दोघी धुलाईखान्यात कामाला. वाफेने भिंती घामेजलेल्या असायच्या आणि चादरींचे ढीग काही केल्या संपायचे नाहीत. चादरीचं एक टोक बेरिलच्या हातात, दुसरं नॉर्माच्या. दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं, टोकं जुळवायची आणि परत मागे जायचं. बोलायला बंदी होती, पण नॉर्माचं त्यात काही अडलं नाही, कारण ती मुळातच जेमतेम चार शब्द बोलायची. बाकी सगळं गुणगुणून. बरं वाटलं तरी गुणगुण, नको असलं तरी गुणगुण, आणि बेरिलला त्यातला फरक कळायचा. काही थोर विद्या नव्हती ती. आयुष्यभर एकीच्या समोर उभं राहून चादरी घडी केल्यावर कुणालाही कळला असता.

टेकडीवर कुणी मेलं की त्याचं नाव निघायचं बंद व्हायचं. सकाळी उठावं तर एक खाट उघडी पडलेली आणि तिच्यावरची गादी वॉर्डामागच्या लोखंडी कठड्यावर उन्हात टाकलेली. बेरिलने एकदा विचारलं होतं, "जून कुठे गेली?"

"घरी गेली," नर्स म्हणाली.

बेरिलला आधी जूनचा हेवा वाटला. मग तिने खाटेखाली पाहिलं आणि म्हणाली, "बूट इथेच आहेत की तिचे. अनवाणी गेली?" त्या दिवशी तिला थंड पाण्यात बसवलं. पुढे तिने कुणाला काही विचारलं नाही. रोज सकाळी डोळे उघडले की आधी कठड्याकडे बघायची, मग नॉर्माच्या खाटेकडे. तिच्यासारख्या सगळ्याच बघायच्या. मरण ही त्यांना कुणी सांगायची गोष्ट नव्हती, ती कठड्यावर वाळत पडलेली दिसायची.

मग सरकारला एकदाची लाज वाटली आणि ती हॉस्पिटलं बंद झाली. बेरिल आणि नॉर्मा खाली गावात आल्या, दगडी चाळीतल्या एका घरात. प्रत्येकीला स्वतःची खोली, दाराला किल्ली, मागे छोटं फरसबंद अंगण, आणि दिवसरात्र आळीपाळीने येणाऱ्या मदतनीस बाया. नॉर्माला किल्लीचं एवढं अप्रूप की ती आंघोळीलाही गळ्यात घालून जायची. काही वर्षांनी तिसऱ्या खोलीत डेरेक आला. डेरेक म्हणजे दाराएवढा माणूस आणि मांजराएवढा आवाज. तो टेकडीवरचा नव्हता. आईजवळच वाढला होता, आणि तिच्याच्याने होईना तेव्हा तिने रडत रडत त्याला इथे ठेवला होता. दर रविवारी म्हातारी बसने यायची, टॉफीचा डबा घेऊन. डेरेक टाय घालून खिडकीत बसायचा.

एका थंडीत म्हातारी वारली. तेव्हाच्या मॅनेजरबाईंनी ठरवलं की डेरेकला सांगायचं नाही, तो कोसळेल. आई कामात आहे, म्हणायचं. पुढे मॅनेजर बदलल्या, मदतनीस बदलल्या, पण हे एक वाक्य नव्या माणसाच्या हातात किल्ल्यांबरोबर दिलं जाऊ लागलं. दर रविवारी डेरेक टाय घेऊन यायचा, ड्यूटीवर जी असेल ती तो बांधून द्यायची, आणि तो खिडकीत जाऊन बसायचा. बेरिलने एकदा तोंडावर विचारलं, "म्हातारी मेली का?" तर "शू, डेरेक ऐकेल" एवढंच उत्तर मिळालं. तिला संशय होता, पण खात्री कशी करणार? डेरेकच्या आईची गादी कुठे टाकली ते तिला कुठून दिसणार होतं?

शुक्रवारी त्या घरात मासा आणि बटाट्याचे चिप्स यायचे, कोपऱ्यावरच्या दुकानातून, कागदात गुंडाळून. नॉर्माला चिप्सवर व्हिनेगर लागायचं, एवढं की तळाचा कागद भिजून फाटायचा. एका शुक्रवारी तिने पुडी उघडली, वास घेतला आणि सगळी डेरेककडे सरकवली. डेरेक खूश झाला. बेरिलचा घास तोंडातच राहिला.

"हिचं काहीतरी बिघडलंय," ती लॉरेनला म्हणाली. लॉरेन ही तेव्हाची मॅनेजर. पन्नाशीची, कायम घाईत, कायम हातात फोन.

"अगं, दर शुक्रवारी तेच तेच खाऊन कंटाळली असेल."

"नॉर्मा? व्हिनेगरला?"

पुढच्या शुक्रवारीही तेच झालं. नॉर्मा उजव्या कुशीवर हात ठेवून बसायला लागली. मग त्या कुशीवर थापटा मारायला लागली आणि गुणगुण बदलली. शेवटी एकदाचं डॉक्टरकडे नेलं. बेरिल हट्टाने बरोबर गेली.

"कसं काय वाटतंय हिला?" डॉक्टरांनी लॉरेनला विचारलं. नॉर्मा त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली होती.

"पोट दुखतंय तिचं," बेरिल म्हणाली.

"ही तिची मैत्रीण," लॉरेन म्हणाली.

"छान, छान," डॉक्टर बेरिलकडे बघून हसले आणि पुन्हा लॉरेनकडे वळले. "झोप?"

"झोपत नाही. खात नाही. सारखी गुणगुणते, स्वतःलाच मारून घेते."

"वय होतंय. अशा लोकांमध्ये असं वागणं दिसतं. शांत राहायला एक गोळी देतो."

"अहो, तिचं पोट दुखतंय," बेरिलचा आवाज चढला. "तुम्ही हात तरी लावा की."

डॉक्टरांनी लॉरेनला विचारलं, "ही पण काही घेते का?"

याच माणसाची आई कुशीवर हात दाबून घास नको म्हणाली असती, तर त्याने त्याच दिवशी दहा तपासण्या लिहून दिल्या असत्या. पण नॉर्मा कुणाची आई नव्हती. ती 'अशा लोकांपैकी' होती, आणि अशा लोकांचं पोट दुखत नाही, त्यांचं वागणं बिघडतं. नॉर्माला गोळी मिळाली. गोळीने ती थापटा मारायची थांबली, दिवसभर पेंगायला लागली, आणि घरात सगळे म्हणाले, बघा, गुण आला. बेरिल रोज सांगत राहिली. सकाळी सांगायची, जेवताना सांगायची, ड्यूटी बदलली की नव्या बाईला सांगायची. एकदा वैतागून तिने टेबलावरची बशी भिंतीवर फेकली. तेव्हा तिचीही गोळी वाढवायची का, यावर चर्चा झाली.

उन्हाळ्याच्या शेवटी नॉर्मा अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली कोसळली. मग मात्र रुग्णवाहिका आली, हॉस्पिटल झालं, तपासण्या झाल्या. कॅन्सर होता, आणि तो पोटभर पसरला होता. आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं, असं तिथला एक तरुण डॉक्टर बोलून गेला आणि मग बोललो म्हणून घाबरला.

दोन दिवसांनी नॉर्माचा भाचा ट्रेव्हर घरी आला. नाताळात कार्ड पाठवणारा, एरवी न दिसणारा. स्वयंपाकघराचं दार लावून तो आणि लॉरेन आत बसले. बेरिल जिन्याच्या खालच्या पायरीवर.

"आत्याला सांगून काय उपयोग?" ट्रेव्हर म्हणत होता. "तिला कळणार आहे का काही? उगाच घाबरेल. बरी होशील म्हणायचं, झालं. आणि त्या दुसऱ्या बाईला तर मुळीच सांगू नका, ती घर डोक्यावर घेईल."

"माझं तेच म्हणणं," लॉरेन म्हणाली. "आणि तिला इथे परत आणायचं म्हणजे... आमच्या मदतनीस मुलींनी असं कधी केलेलं नाही हो. मरणारं माणूस घरात. त्याच घाबरून जातील."

बेरिलने दार उघडलं. "काय कळणार नाही?"

"काही नाही, सोन्या. नॉर्माचं पोट बरं करतायत तिथे."

"मग दार का लावलं?"

चहा आला, दोन बिस्किटांसकट.

तिला एकदाच हॉस्पिटलात नेलं. नॉर्मा वॉर्डाच्या टोकाला होती. जेवणाचं ताट तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवून कुणीतरी निघून गेलं होतं, आणि गळ्यात किल्ली नव्हती. तिने बेरिलची बाही धरली ती सोडेना. बोटं एकेक करून सोडवावी लागली, तीही नर्सने. त्यानंतर बेरिलने विचारलं की "उद्या" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं तरी उद्याच. हे उद्या तिला टेकडीवरून चांगलं ओळखीचं होतं.

लॉरेन वाईट नव्हती. राग येतो तो म्हणूनच जास्त येतो. वाईट माणूस असता तर शिवी घालून मोकळं होता आलं असतं. मरणाऱ्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी एक आयरिश नर्स होती, ब्रिजेट. तिने लॉरेनला तासभर समजावलं की नॉर्माला घरी आणता येईल, दुखणं औषधाने आवाक्यात ठेवता येईल, मी रोज येईन, मुलींना शिकवीन. लॉरेनला ते पटलं. तिने सुट्टीच्या दिवशी धावपळ केली, वरखाली होणारी हॉस्पिटलची खाट मागवली, ट्रेव्हरशी फोनवर भांडली. सगळं केलं, फक्त बेरिलला सांगितलं नाही. ते तिला आनंदाचा धक्का म्हणून द्यायचं ठरलं होतं. दिवाणखान्यात फुगे लावले होते.

त्या मंगळवारी बेरिल रोपवाटिकेतलं काम आटोपून नेहमीसारखी मागच्या फाटकातून आली. अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली, भिंतीला टेकवून गादी उभी केलेली होती. नॉर्माची गादी. कडेला तोच चहाचा डाग पडलेला. नव्या खाटेला जागा करायला दोन माणसांनी ती दुपारी बाहेर आणून ठेवली होती.

बेरिलच्या हातातलं रोप खाली पडलं. ती आत गेली नाही, कुणाला हाक मारली नाही. तिने गादी ओढून फरशीवर आडवी केली, तिच्यावर बसली आणि ओरडायला लागली. शब्द नव्हते. शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि परत बंद झाली. एक मदतनीस धावत बाहेर आली, "बेरिल, काय झालं, सोन्या, चल आत, बघ तरी आत काय आहे," म्हणत तिने दंडाला हात लावला. बेरिलने पायातला बूट काढून तिच्यावर फेकला. दुसरी बाई गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन दारात उभी राहिली.

तेवढ्यात ब्रिजेट फाटकातून आली, औषधांची बॅग घेऊन. तिने पेलावालीला हाताने थांबवलं, आली आणि गादीच्या दुसऱ्या टोकावर बसली. बेरिलचा घसा बसेपर्यंत.

"गादीचं काय झालं?" मग तिने विचारलं.

"तुम्हीच टाकली बाहेर."

"हो. बाहेर टाकली म्हणजे काय होतं?"

बेरिलने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. "मेली म्हणजे," ती म्हणाली. "कुणी मेलं की गादी बाहेर. आणि विचारलं की म्हणायचं घरी गेली. मला नका सांगू घरी गेली. जूनचे बूट खाटेखाली होते."

दारात उभ्या असलेल्या लॉरेनने तोंडावर हात ठेवला.

"नॉर्मा मेलेली नाही," ब्रिजेट म्हणाली. "आत्ता थोड्या वेळात ती इथे येतेय, घरी. तिच्यासाठी दुसरी खाट आणलीय म्हणून ही गादी काढली. पण बेरिल, ती मरणार आहे. पोटातला कॅन्सर कुणालाच काढता येत नाही. काही आठवडे राहील, कदाचित कमी."

लॉरेन पुढे आली. "ब्रिजेट, आपलं ठरलं होतं की..."

"तुमचं ठरलं होतं," बेरिल म्हणाली. मग ब्रिजेटला, "दुखतंय का तिला?"

"दुखत होतं. आता औषध चालू आहे."

"मी सांगत होते."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं तर होतीस कुठे? चिप्स डेरेकला दिले तेव्हा होतीस कुठे?"

ब्रिजेटने सफाई दिली नाही. "तेव्हा मला कुणी बोलावलं नव्हतं. पण तू बरोबर होतीस, आणि तुझं ऐकायला हवं होतं," एवढंच म्हणाली. बेरिलचं त्याने समाधान झालं नाही. का व्हावं? तिने उठून दुसरा बूट काढला, क्षणभर हातात धरला आणि मग खाली ठेवला. "ती येईपर्यंत ते फुगे काढा," ती लॉरेनला म्हणाली. "तिला ते फुटायची भीती वाटते. एवढंही माहीत नाही तुम्हाला."

नॉर्मा आली, नव्या खाटेवर निजली, गळ्यात किल्ली घातली गेली. तिला कोण सांगणार असा प्रश्न निघाला. लॉरेन म्हणाली, एवढ्यात नको. ब्रिजेटने बेरिलकडे पाहिलं.

"मी सांगते," बेरिल म्हणाली. "तू इथेच बस. मी चुकले तर सांग."

तिने खुर्ची खाटेला लावली. "नॉर्मा. तुझ्या पोटात वाईट दुखणं आहे. ते जात नाही. डॉक्टर गाढव आहे. तू मरणार आहेस. मी इथेच आहे, कुठे जात नाही."

नॉर्माची गुणगुण थांबली. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. तिला काही कळलं नाही असं लॉरेनला वाटलं असावं, कारण ती उठायला लागली. तेवढ्यात नॉर्मा बोलली. महिन्यात एखादा शब्द बोलणारी बाई ती.

"गादी?"

"नाही," बेरिल म्हणाली. "गुपचूप नाही टाकू देणार. आधी सगळ्यांना सांगेन. डेरेकला पण. मग गादी."

नॉर्माने तिची बाही धरली. या वेळी कुणी सोडवली नाही.

पुढचे दिवस वाईट होते असं बेरिल कधी म्हणाली नाही. दुखण्याची गुणगुण आली की ती ब्रिजेटला सांगायची आणि ब्रिजेट औषध वाढवायची. घाबरणार होत्या त्या मदतनीस मुली घाबरल्या आणि मग शिकल्याही. एक तर नॉर्माचे केस विंचरायला सुट्टीच्या दिवशी यायला लागली. शुक्रवारी चिप्स आले की बेरिल एक चिप व्हिनेगरमध्ये बुडवून नॉर्माच्या ओठांना लावायची, नॉर्मा चोखायची आणि तोंड वाकडं करून हसायची. हे सगळं जमण्यासारखं होतं. पहिल्यापासून जमण्यासारखं होतं. कुणी कुशीवर हात ठेवून बघितलं असतं तर यापेक्षा कितीतरी जास्त जमलं असतं, आणि ही गोष्ट बेरिल एक दिवसही विसरली नाही.

ट्रेव्हर एकदा येऊन गेला. दारात लॉरेनशी हळू आवाजात बोलत होता, की अंत्यविधी घरच्यांपुरताच ठेवू, या लोकांना नको न्यायला, त्यांच्याच भल्यासाठी. हळू आवाजात बोललेलं बेरिलला नेहमी ऐकू जायचं. टेकडीवर सगळं महत्त्वाचं हळू आवाजातच बोललं जायचं.

"घरचं कोण?" ती म्हणाली.

"म्हणजे, नातेवाईक..."

"तिला चिप्सवर काय लागतं?"

ट्रेव्हर गोंधळला. "मीठ?"

"मी येणार आहे," बेरिल म्हणाली. "डेरेक येणार आहे. तुलाही येऊ देऊ, बस कोपऱ्यात."

नॉर्मा रविवारी गेली, सकाळी, शेजारच्या घरांतून रविवारच्या जेवणासाठी भाजत्या मांसाचा वास यायला लागला होता तेव्हा. श्वास लांब लांब होत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. बेरिल तिचा हात धरून होती. तिने थोडी वाट पाहिली, नॉर्माच्या गळ्यातली किल्ली सरळ केली आणि मग रडली. ब्रिजेट येऊन बघून गेली. दुपारी काळ्या कोटातली दोन माणसं नॉर्माला न्यायला आली आणि दारात उभी राहिली.

डेरेक खालच्या खोलीत खिडकीशी बसला होता, टाय घालून. जिन्याची वाट त्याच्या दारावरूनच जात होती.

लॉरेन बेरिलला बाजूला घेऊन म्हणाली, "मी डेरेकला पटकन कोपऱ्यापर्यंत फिरवून आणते. तेवढ्यात ते नेतील. संध्याकाळी सांगू त्याला, हळूच. आज त्याचा रविवार आहे गं." रडून तिचे डोळे सुजले होते. ती खरंच त्याच्या भल्याचंच बघत होती.

"हळूच म्हणजे कधीच नाही," बेरिल म्हणाली. ती दाराशी गेली आणि त्या दोघांना म्हणाली, "थांबा तिथेच. आधी सांगायचं, मग न्यायचं." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते थांबले. हॅट काढून हातात धरल्या.

बेरिलने स्टूल ओढून डेरेकसमोर ठेवलं आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"डेरेक, माझ्याकडे बघ. नॉर्मा मेली."

डेरेकने तिच्याकडे पाहिलं. "कामात आहे?"

"नाही. मेली. श्वास बंद झाला तिचा. आता ती परत येणार नाही. कुणी काही वाईट केलं म्हणून नाही, तू केलंस म्हणून तर नाहीच. ती माणसं तिला न्यायला आलीयेत. त्याआधी तुला वर जाऊन तिला बघायचंय का?"

डेरेक विचार करत राहिला. त्याला वेळ लागायचा आणि बेरिलकडे वेळ होता. त्याने खिडकीबाहेर बसच्या थांब्याकडे पाहिलं, मग परत बेरिलकडे.

"परत येत नाही," तो म्हणाला.

"नाही येत."

"आई पण?"

बेरिलने मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या लॉरेनकडे पाहिलं. "सांग."

"बेरिल, आत्ता नको गं, एका दिवसात किती..."

"आत्ता. नाहीतर कधी सांगशील? हा मेल्यावर?"

लॉरेन आत आली. ती डेरेकच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली, त्याचा मोठा हात तिने दोन्ही हातांत घेतला. "हो, डेरेक," ती म्हणाली. "आई मेली. खूप वर्षं झाली रे."

डेरेक रडला नाही, कोसळला नाही. त्याने हात सोडवून घेतला आणि टायच्या गाठीला घातला. गाठ ओढली, तर ती आणखी घट्ट झाली. ती सोडायला त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. तो गाठ धरून लॉरेनकडे बघत राहिला.

"आज सकाळी तूच बांधलास," तो म्हणाला.

लॉरेनने मान खाली घातली. बेरिलने पुढे वाकून त्याची गाठ सोडली, टाय त्याच्या हातात दिला आणि त्याला उठवून वर नेलं, नॉर्माला बघायला. खाली आल्यावर ती दाराशी गेली.

"आता या आत," ती त्या माणसांना म्हणाली.